जुन्या वह्या आणि वेरूळचा डोंगर

छत्रपती संभाजीनगरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे शहर फार लहान असते. वसतिगृह, महाविद्यालय, शिकवणी, खानावळ आणि शनिवारी रात्री गावाकडून येणारा फोन, एवढ्यातच त्यांची तीन वर्षे निघून जातात. ज्या लेण्यांसाठी परदेशातून माणसे येतात, त्या लेण्यांच्या उंबरठ्यावर राहूनही पुष्कळ विद्यार्थी बीबी का मकबरा फक्त एकदा, तोही पाहुण्यांबरोबर पाहून, पदवी घेऊन घरी परततात.

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका व्यापारी घरातील मुलीचेही असेच चालले होते. मराठवाड्यातील एका लहान बाजारपेठेत तिच्या घरची भुसाराची चार पिढ्यांची पेढी. एका शनिवारी आईने फोनवर बोलता बोलता सांगितले, की दुकानामागची जुनी खोली दिवाळीपूर्वी पाडायची ठरली आहे. माळ्यावरच्या दोन पेट्यांतील लाल कापडी बांधणीच्या वह्या रद्दीत जातील, पितळी मापे आणि तराजू मोडीत. घर मोकळे होईल याचे सर्वांना बरे वाटले आहे. आजोबा तेवढे काही बोलले नाहीत. मुलीलाही त्यात वावगे वाटले नाही.

त्याच आठवड्यात महाविद्यालयाने शहरातील वारसास्थळांवर प्रकल्प लिहून आणण्यास सांगितले. हातात महिनाभराचा वेळ होता. गुणांसाठी का होईना, ती बाहेर पडली.

मकबरा आणि पाणचक्की

पहिला रविवार मकबऱ्याचा. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ साली निवर्तली. तिचे हे स्मारक तिचा मुलगा आझमशाह याच्या नावाशी जोडलेले आहे. ताजमहालाशी त्याची तुलना करून 'गरिबांचा ताज' म्हणत पुढे जाण्याची पद्धत आहे. परंतु थांबून पाहणाऱ्यास दिसते, की संगमरवर भिंतीच्या खालच्या भागात आणि वर घुमटात आहे. मधला भाग काळ्या पाषाणाचा असून त्यावर चुन्याचा नितळ गिलावा चढवलेला आहे. हात आखडून खर्च करावा लागला, तरी डौल सोडला नाही, असे ते बांधकाम आहे.

वाणिज्याच्या विद्यार्थिनीला मात्र दोन गोष्टींनी धरून ठेवले. मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. बादशाही कुटुंबाच्या स्मारकावर काम करणाऱ्यांची नावे टिकून राहिली आहेत. दुसरी गोष्ट खर्चाची. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त या इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. साडेतीन शतकांपूर्वीच्या हिशेबातील शेवटचे सात आणेसुद्धा कोणी गाळले नाहीत. तिने तो आकडा वहीत उतरवून घेतला आणि खाली एक रेघ ओढली.

तेथून पाणचक्की जवळच आहे. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की अठराव्या शतकातील. डोंगरातील झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटरवरून जमिनीखालच्या नळांतून येथे आणले, उंचावरून हौदात पाडले आणि त्या जोरावर जाते फिरवले. त्या पिठावर यात्रेकरू आणि फकीर जेवत असत. पाण्याला वाट करून देण्याची विद्या शहराला पूर्वीपासून अवगत होती. १६१० साली खडकी या नावाने हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने नहर खोदून त्याची तहान भागवली होती. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जमीन मोजून आणि तिचा कस पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने बसवली. शहर वसवणाऱ्यालाही आधी हिशेबाची चौकट बसवावी लागते, ही नोंद वहीत दुसरी पडली.

चिलखत, पैठणी आणि एका माणसाचा छंद

दुसऱ्या रविवारी ती महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेली. सहा दालनांचे हे संग्रहालय एरवी शांत असते. मराठाकालीन शस्त्रे, जुने चिलखत, काही शतकांपूर्वीची पैठणी आणि औरंगजेबाच्या हातची म्हणून दाखवली जाणारी कुराणाची प्रत येथे पाहावयास मिळते.

पैठणीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. घरी आजीची पैठणी आहे आणि ती कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेली आहे. येथील पैठणीही कोणाच्या तरी घरी अशीच जपली गेली असणार. मधल्या दहा-पंधरा पिढ्यांत एकानेही ती जर काढण्यासाठी वितळवायला दिली असती, तर या कपाटाची काच रिकामी राहिली असती.

सराफ्यातील एका जुन्या हवेलीत डॉ. शांतिलाल पुरवार यांनी आपला खासगी संग्रह एके काळी मांडला होता. एका माणसाचा छंद, पण त्याने शहराचा इतिहास घरात आणून ठेवला. त्याच सराफ्यातून आजवर किती जुने दागिने, नाणी आणि भांडी मुशीत गेली असतील, याचा विचार व्यापाऱ्याच्या मुलीला टाळता आला नाही. सोने वितळले तरी त्याचे मोल उरते. वितळत नाही तो त्यावरचा ठसा. तो नाहीसा होतो.

खापरीचे तुकडे

तिसरी भेट मधल्या वारी मिळालेल्या सुट्टीत झाली. विद्यापीठाच्या परिसराला लागून असलेला सोनेरी महाल सतराव्या शतकात मोगलांच्या सेवेत असलेल्या बुंदेला सरदाराने बांधला. आतील सोनेरी चित्रकामावरून त्याला हे नाव पडले. आज तेथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९५८ सालची. तेथील इतिहास विभागाच्या संग्रहालयात पैठण, दौलताबाद आणि इतर ठिकाणच्या उत्खननांत सापडलेल्या वस्तू आहेत.

येथे डोळे दिपवणारे काही नसते. मातीच्या भांड्यांचे तुकडे, मणी आणि नाणी अशा वस्तूंसमोरून पर्यटक दोन मिनिटांत निघून जातो. परंतु पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती जगभर अभ्यासली जाते. तीत पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा आहेत. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. तेथून रंगीत गारेचे दगड जातात, तेरहून कापड जाते, आणि हा माल अवघड वाटांनी गाड्यांवर लादून बंदरापर्यंत पोहोचवला जातो, असे तो व्यापारी नोंदवतो.

प्रतिष्ठानची आठवण जैन परंपरेतही आहे. श्वेतांबर परंपरेप्रमाणे कालकाचार्यांनी संवत्सरीची तिथी पंचमीवरून चतुर्थीला आणली ती याच नगरीत, सातवाहन राजाच्या विनंतीवरून. दरवर्षी पाळल्या जाणाऱ्या तिथीमागे पैठणचे नाव आहे, हे घराघरांतून ठाऊक असतेच असे नाही.

त्या काचेपलीकडच्या मण्यांकडे पाहताना तिच्या ध्यानात आले, की मराठवाड्याच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराविषयी आपल्याला जे कळते, त्याचा मोठा भाग एका व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या टिपणामुळे कळते. मालाचे नाव, वाटेचे दिवस आणि बाजारपेठ एवढेच त्यात आहे. जवळजवळ पेढीच्या वहीत असते तेवढेच. माळ्यावरच्या पेट्या तिला पहिल्यांदा आठवल्या त्या येथे.

वेरूळ: कैलासाच्या पलीकडे

शेवटचा रविवार वेरूळसाठी राखलेला होता. मंगळवारी लेणी बंद असतात आणि रविवारी गर्दी असते, म्हणून मैत्रिणींनी सकाळची पहिली एसटी धरली. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नेम असणाऱ्यांनी वेळेचा हिशेब निघतानाच करावा. दशम्या आणि चटणी बरोबर असली की दिवस निर्वेध जातो.

वेरूळची लेणी एकूण ३४. बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही परंपरांची लेणी एकाच डोंगराच्या कुशीत आहेत आणि १९८३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक प्रवासी सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहतात आणि समाधानाने परततात. जैन लेणी, ३० ते ३४, तेथून उत्तरेला एक-दीड किलोमीटरवर आहेत. त्यामुळे पायाला कंटाळा करणाऱ्यांची ती राहून जातात.

बत्तिसाव्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. अंगणात एकसंध दगडातील हत्ती, मानस्तंभ आणि चारी दिशांना तीर्थंकर असलेले छोटे मंदिर. वरच्या मजल्यावर हत्तीवर आरूढ झालेला यक्ष आणि समोर आंब्याच्या झाडाखाली सिंहवाहिनी अंबिका. यक्षाच्या हत्तीला लोकांनी ऐरावत समजले, यक्षाला इंद्र समजले, आणि लेण्याला ते नाव चिकटले. जाणणारे कमी झाले की वस्तू उरते आणि नाव बदलते. शेजारच्या भिंतींवर वेलींनी वेढलेले बाहुबली आणि कमठाच्या उपसर्गात निश्चल उभे असलेले पार्श्वनाथ समोरासमोर आहेत. छतावरील रंगांचे अवशेष मान वर करून पाहणाऱ्यालाच दिसतात.

लेण्यांच्या वर डोंगरावर पार्श्वनाथांची सुमारे सोळा फूट उंचीची भव्य आसनस्थ मूर्ती आहे. चढण दमवणारी आहे. मैत्रिणी अर्ध्या वाटेवर बसल्या, ती वर गेली. मूर्तीच्या आसनावर संस्कृत लेख कोरलेला आहे. शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५. तेव्हा जवळच्या देवगिरीवर यादवांचे राज्य होते. परंतु लेखाचा भर राजावर नाही, तो एका कुटुंबावर आहे. वर्धनपूरचे राणुगी, त्यांचा मुलगा गालुगी, गालुगींची पत्नी स्वर्णा, त्यांचे चार मुलगे आणि त्यांतील दानशूर चक्रेश्वर. या चक्रेश्वराने येथे मूर्ती घडवल्या आणि भरताने कैलासाला जसे तीर्थ केले तसे या चारणाद्रीला केले, असा त्याचा आशय आहे.

तीन पिढ्या, एक सून आणि चार भाऊ. घराण्याची ही नोंद आठ शतके ऊन, पाऊस आणि वारा सोसून वाचता येण्याजोगी राहिली, कारण ती दगडावर होती आणि ती वाचू शकणारे कोणी ना कोणी मिळत गेले. कागदावरच्या नोंदीला एवढे आयुष्य नसते. तिला ओल लागते, वाळवी लागते, आणि वाचणारा माणूस गेला की ती मुकी होते.

फोन

परतीच्या एसटीची वाट पाहताना तिने घरी फोन लावला. आईला म्हणाली, "पेट्या देऊ नका. आजोबांना द्या फोन."

"आजोबा, त्या वह्यांत काय आहे?"

"काय असायचे? रोजमेळ, खतावणी, हुंड्यांची बाडे. निजामाच्या वेळचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, दोघांचे वेगळे हिशेब. रझाकारांच्या वर्षी दुकान किती दिवस बंद होते तेही लिहिलेले आहे. बहात्तरच्या दुष्काळात कोणाची उधारी सोडली, त्यांची नावे आहेत."

"मग आधी का नाही सांगितलेत?"

"कोणी विचारले नाही, बेटा." थोडे थांबून ते म्हणाले, "मोडी वाचता येते तुला?"

"नाही."

"मग दिवाळीला चार दिवस लवकर ये."

खोली ठरल्याप्रमाणे पाडली गेली. वह्या मात्र झटकून, सावलीत वाळवून, सुती कापडाच्या बासनात बांधून कोरड्या कपाटात ठेवल्या गेल्या. ज्ञानभांडारांतील हस्तलिखिते शतकानुशतके जशी राखली, तीच ही रीत. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला ती उघडून पाहण्याची प्रथाही त्याच काळजीतून आलेली आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीबरोबर सर्वांत जुनी वहीही पाटावर ठेवली गेली. ज्ञानपंचमीच्या दुपारी आजोबा चष्मा पुसून वाचत होते आणि नात देवनागरीत उतरवून घेत होती. पहिल्या दिवशी दीड पान झाले.

महाविद्यालयातील प्रकल्प तोपर्यंत सादर झालेला होता. त्यात मकबऱ्याचे सात आणे होते आणि चक्रेश्वराचे कुटुंबही होते. घरच्या वह्यांची नोंद त्यात नव्हती. ते काम अजून चालू आहे आणि आजोबांचे वय चौऱ्याऐंशी आहे.