हायहायने पण परीक्षा सोडली होती

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. वीकांताला या वेळी फोन वाजला की एकतर हापिसातला सर्व्हर पडलेला असतो, नाहीतर नात्यातलं कोणीतरी आजारी असतं. दोन्ही नव्हतं. मावशी होती. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न. "तू त्याला दिवाळीत काय दाखवलंस रे?"

मावशी खडकवासल्याला राहते, धरणाच्या अलीकडे, गावात. मावसभाऊ बारावी सायन्सला. प्रिलिममध्ये फिजिक्सची दांडी उडालेली, प्रॅक्टिकल दहा दिवसांवर आलेलं आणि जर्नलं कोरी. चिरंजीव मात्र रात्री दोनपर्यंत चौघांची टीम करून बीजीएमआय खेळतात. अभ्यासाचं विचारलं की उत्तर तयार असतं, "हायहायने पण परीक्षा सोडली होती."

"हा हाय-हाय कोण?" मावशी म्हणाली.

आता आली का पंचाईत! हायहायला त्या घरात मीच आणला होता.

हायहाय म्हणजे सिंगापूरचा बेनेडिक्ट लिम. २०११ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कलोन शहरात डोटा २ ची पहिली 'द इंटरनॅशनल' स्पर्धा झाली. १६ संघ, एकूण बक्षीस १६ लाख डॉलर, त्यातले १० लाख विजेत्यांचे. हा आकडा ऐकून कित्येक खेळाडूंना आधी कोणीतरी गंडवतंय असंच वाटलं होतं. त्या स्पर्धेवर 'फ्री टू प्ले' नावाची डॉक्युमेंटरी निघाली, मार्च २०१४ मध्ये, सगळ्यांना फुकट. तिच्यात तीन खेळाडू आहेत. वडील गेलेला युक्रेनचा डेंडी, घरातून बाहेर पडावं लागलेला अमेरिकेचा फिअर, आणि परीक्षा की स्पर्धा या कात्रीत सापडलेला आमचा हायहाय.

मी ती हॉस्टेलला असताना पाहिली. कोणाच्या तरी हार्डडिस्कवरून आली होती. आमच्या मजल्यावर तेव्हा डोटा खेळणारे आम्ही पाच जण, म्हणजे जेमतेम एक टीम. रात्री एका खोलीत वीसेक पोरं कोंबून पाहिली आणि आठवड्याभरात खेळणारे चौदा झाले. यातल्या निम्म्यांना स्वतःचा हिरो नकाशावर कुठे उभा आहे हेही कळायचं नाही, पण डेंडीच्या वडिलांबद्दल कोणी वावगं बोललेलं खपायचं नाही. मला तेव्हा मोठी गंमत वाटली होती. आम्ही वर्षभर लोकांना खेळाचे नियम समजावत होतो आणि एकही माणूस वाढला नव्हता. सव्वा तासात माणसं खेळाला नाही, माणसांना येऊन मिळाली.

मावशीचा फोन ठेवल्यावर दिवसभर डोक्यात तेच. हे फक्त आमच्याच मजल्यावर झालं असं नाही. २००७ मध्ये 'द किंग ऑफ काँग' आली. डाँकी काँग या जुन्या आर्केड गेमच्या विक्रमासाठी स्टीव्ह वीबी आणि बिली मिचेल यांच्यातली झटापट. ती पाहून न्यूयॉर्कमधला हँक चिएन नावाचा एक प्लास्टिक सर्जन खेळायला लागला. चांगला हाताला यश असलेला डॉक्टर! २०१० मध्ये त्याने १०,६१,७०० गुण करून विक्रम मोडला. त्याच्यामागून आणखी आले. एका सिनेमाने एका मेलेल्या गेमच्या भोवती वस्ती बसवली.

आणि मजा पुढेच आहे. सिनेमात मिचेलची १०,४७,२०० गुणांची एक व्हिडिओ टेप निर्णायक क्षणी येते. दहा वर्षांनी याच वस्तीतल्या जाणकारांनी ती टेप चौकट-चौकट थांबवून तपासली. पडद्यावर लोखंडी तुळया कशा उमटत जातात यावरून ते म्हणाले, हे मूळ मशीनवरचं दिसत नाही. २०१८ मध्ये ट्विन गॅलॅक्सीजने मिचेलचे सगळे विक्रम काढून टाकले. (पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२४ मध्ये तडजोड झाली, आणि ते गुण जुन्या नोंदींच्या दप्तरात परत गेले. असो.) मला यातलं आवडतं ते हे, की सिनेमाने गोळा केलेल्या लोकांनीच सिनेमातला पुरावा उलटा करून बघितला. भक्त म्हणून आलेले लोक दहा वर्षांत तपासनीस झाले.

'द स्मॅश ब्रदर्स'ची गोष्ट याहून भारी. स्मॅश मेली हा निन्टेन्डोचा २००१ चा गेम. कंपनीच्या लेखी तो केव्हाच संपलेला. २०१३ च्या एव्हो स्पर्धेत त्याला जागा मिळावी म्हणून खेळाडूंनी स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी वर्गणी काढली, ९४ हजार डॉलरच्या वर जमवले, तेव्हा कुठे तो आत गेला. त्यावर निन्टेन्डोने प्रक्षेपणच थांबवायचा प्रयत्न केला आणि आरडाओरड झाल्यावर काही तासांत माघार घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रॅव्हिस बोशॅम्प या गड्याने नऊ भागांची, चार तासांच्या वरची डॉक्युमेंटरी यूट्यूबवर टाकली. केन, आयझाय, मँगो वगैरे सात खेळाडूंची चरित्रं. कंपनीचा एक पैसा नाही, सगळा कारभार चाहत्यांचा. एव्होला मेलीचे खेळाडू २०१३ मध्ये सातशेच्या आसपास होते, २०१४ मध्ये ९७० झाले आणि २०१५ मध्ये १,८६९. हे सगळं काही डॉक्युमेंटरीमुळे नाही, मध्ये स्मॅशचा नवा गेमही आला होता. पण जे तिच्यामुळे आले त्यांना जुने खेळाडू 'डॉक किड्स' म्हणायला लागले. आधी थोडं कुत्सितपणे, मग सवयीने.

रविवारी दुपारी निघालो. सिंहगड रोडला रविवारी दुपारी निघणं हा शुद्ध गाढवपणा आहे, पण मावशीला शब्द दिला होता. मावसभावाला घेऊन धरणावर गेलो. चौपाटीला ही गर्दी. कणसांचा धूर, भजी, घोडेवाले आणि वाकड्यातिकड्या लावलेल्या गाड्या. कणीस घेऊन जरा बाजूला जाऊन बसलो.

पानशेतचा पूर मला इथे बसलं की हमखास आठवतो. आठवतो काय म्हणा, मी जन्मलोय १९९७ ला! १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, दुपारपर्यंत हेही फुटलं आणि पुण्यात शिरलं. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की कुठल्या पेठेत कुठल्या जिन्यापर्यंत पाणी होतं ते मी बघितल्यासारखं सांगतो. नोकरीसाठी बाहेरून आलेली माझी टीममेटसुद्धा हल्ली ठोकून सांगते. पूर पाहिलेले आता कमी उरले, तरी पुराची पोरं वाढतच आहेत. आम्हीपण एका अर्थी डॉक किड्सच.

"दादा, जर्नलसाठी आलायस ना?" त्याने विचारलं.

"हायहायसाठी आलोय," मी म्हटलं. "तो तिसरा आला होता."

"तिसरा म्हणजे दीड लाख डॉलर."

च्यायला, आकडे पाठ! मी म्हटलं, "सोळा संघ म्हणजे ऐंशी पोरं. पिक्चरमध्ये तीन. बाकी सत्त्याहत्तरांपैकी किती जणांनी परीक्षा सोडली, सांग."

"फिअर पण तेव्हा हरलाच होता. २०१५ ला जिंकला."

"बरोबर. मग चार वर्षं मधे काय खात होता? आणि तो पिक्चर काढला कोणी? वॉल्व्हने. डोटा २ कोणाचा? वॉल्व्हचा. त्या स्पर्धेत त्यांनी तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. रडवलं छान, पण दुकान त्यांचंच आहे."

तो बराच वेळ कणसाचे दाणे सोलत राहिला. मग म्हणाला, "मग तू मला का दाखवलास?"

याचं उत्तर मी गाडीत तयार केलेलं नव्हतं. दिवाळीत फराळाला सगळे जमलेले असताना काका त्याला चारचौघांत 'मोबाइलचा किडा' म्हणाले होते, आणि त्याचा चेहरा मी पाहिला होता. पिक्चर खरं म्हणजे मी काकांसाठी लावला. काका दहा मिनिटांत घोरायला लागले. पण हेही अर्धंच. आमची हॉस्टेलची टीम एका कॉलेज फेस्टमध्ये फायनलला हरली होती. ज्या कॅफेत सराव करायचो तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पाच जणांचा एक फोटोसुद्धा नाही. कोणीतरी ते बघावं असं मला वाटत असणार, म्हणून दुसऱ्यांचं दाखवलं. त्याला यातलं जमेल तेवढं सांगितलं.

"आमचा आहे," तो म्हणाला, आणि मोबाइल पुढे केला.

पबजी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून आला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. याची नववी ते बारावी या येण्याजाण्यातच गेली. ती क्लिप २०२२ ची, त्या दोन-तीन दिवसांतली. चार पोरं याच भिंतीवर बसलीयत. ज्यांच्या मोबाइलमध्ये गेम आधीच होता त्यांचा चालू होता. एकाने मात्र आदल्याच आठवड्यात जागा नाही म्हणून तो काढून टाकलेला. तो स्टोअरमध्ये नाव टाकतोय, सापडत नाही, पुन्हा टाकतोय. बाकीचे तिघं पोट धरधरून हसतायत. मग एक थांबतो. मग दुसरा. शेवटी नुसता वाऱ्याचा आवाज, आणि तो अजून शोधतोय. चाळीस सेकंद.

"हा आता कुठेय?"

"सोडलं त्याने. गेम परत आला, तो नाही आला."

अशा अजून साठेक क्लिपा होत्या. हरलेल्या मॅचनंतरची भांडणं, लाइट गेल्यावरचा अंधार, कोणाची तरी आई मागून ओरडतेय. मी सगळ्या बघितल्या. 'फ्री टू प्ले'मधल्यासारखी कुठे ऑर्केस्ट्रा नव्हती.

"कॉपी काढून ठेव," मी म्हटलं. "दोन ठिकाणी. आज रात्रीच."

"आज रात्री जर्नल."

मावशीने पिठलं-भाकरी केली होती. जेवून बसलो तेव्हा नऊ प्रयोग कोरे होते. रात्री पावणेबारापर्यंत तो निरीक्षणं लिहीत होता, आणि मी, संगणक अभियंता, पेन्सिलीला टोक काढून बहिर्गोल भिंगाच्या किरणाकृती काढत होतो. मावशी दोनदा दारात येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "अरे, किरण सरळ काढ की जरा."