आधी पाण्याला चव

खेकडे, कोळंबी, बटाटे, मका एका मोठ्या टोपात उकडायचे, पाणी निथळून सगळं टेबलावर पसरायचं आणि चौघांनी हातानं फोडून खायचं. अमेरिकेच्या लुइझियाना आणि कॅरोलिना किनाऱ्यांवर हे अंगणातलं, शेजारपाजार बोलावून करायचं जेवण आहे. मी राहते त्या चेन्नईतल्या हॉटेलांनीही आता ते उचललंय. तिथे बहुतेक वेळा लोणी-लसणाचा दाट रस वरून ओततात आणि त्याखालची कोळंबी कुठली, कधीची, हे कळेनासं होतं. मी घरी करते तेव्हा वरून काही ओतत नाही. जी चव द्यायची ती पाण्याला, आणि तीही खेकडा त्यात पडायच्या आधी.

अलिबागकडच्या हाताला हे सहज येत नाही. आमचं कालवण वाटणावर उभं. मासळीला हळद, मीठ, आगळ चोळून ठेवायचं, ओलं खोबरं, मिरची, धणे वाटायचे. मसाला थेट मांसाला भिडतो. इथे मधे कवच आहे. सांध्यांतून, फटींतून जेवढं पाणी आत शिरेल तेवढीच चव आत जाणार. म्हणून ते पाणी पिववणार नाही इतकं खारट हवं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मी २५ ग्रॅम घालते. पाच लिटरला सव्वाशे ग्रॅम, अंदाजानं नव्हे, वजन करून. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण त्यातलं बरंचसं मीठ टोपातच राहतं.

रायगडातली पोपटी खाल्लेल्या माणसाला यातलं मर्म लवकर कळेल. थंडीत शेतावर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरतात, भांबुर्ड्याचा पाला कोंबून मडकं उलटं करून जाळ घालतात. पाणी थेंबभरही नाही. पाल्याचाच ओलावा वाफ होऊन सगळ्यात शिरतो. शेंगेला कुणी मसाला लावत बसत नाही. तिच्या भोवतीची हवा घडवतात. इथे हवेच्या जागी पाणी.

अमेरिकेत या उकडीसाठी अनेक घरांत ‘ओल्ड बे’ नावाचा मसाला असतो. तो करणारे गुस्ताव ब्रून जर्मन ज्यू होते. १९३८मध्ये नाझींनी त्यांना बुखेनवाल्डच्या छावणीत टाकलं. सुटल्यावर ते कुटुंबासह अमेरिकेला पळाले, येताना मसाले दळायचं छोटं यंत्र घेऊन आले आणि बाल्टिमोरच्या मासळी बाजारासमोर त्यांनी धंदा मांडला. मोहरी, मिरी, लाल मिरची, सेलेरीचं मीठ अशी त्या मसाल्याची जात. सगळं गमावून निघालेल्या माणसानं ते यंत्र मागे टाकलं नाही, याबद्दल मला फार आदर वाटतो.

माझ्या टोपात मात्र तिरफळं जातात. बांगड्याच्या कालवणात घालतो तीच. काळी बी काढून टाकायची आणि साल जराशी ठेचायची. तिचा वास पाण्यात उतरतो आणि जिभेवर बारीक झिणझिण्या आणतो. सोबत दगडफूल, जे आपल्या गोड्या मसाल्यात असतं आणि इथल्या चेट्टिनाड स्वयंपाकातही; मिरी, धणे, सुक्या मिरच्या, आडवे कापलेले लसणाचे गड्डे, आलं, मूठभर कढीपत्ता. हे सगळं वीस मिनिटं नुसत्या पाण्यात उकळू द्यायचं. आमसुलं मात्र इतक्यात नाहीत. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, कितीही उकळा, गाभ्यात दडदडीत राहतो. बटाटा शिजला की मगच आमसुलं.

मसाल्याआड लपायची सोय नसल्यानं बाजार नीट करावा लागतो. बेझंटनगरला ऊरूर ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्याच्या वाळूवर सकाळी फायबरच्या होड्या लागतात आणि बायका तिथेच मासळी मांडून बसतात. जास्त माल हवा असेल तर उत्तरेला कासिमेडूचं मोठं बंदर, जिथला लिलाव भल्या पहाटे उजाडण्याआधी सुरू होतो. कोळंबी डोक्यासकट घ्यायची. डोकं धडाला घट्ट हवं, सांध्यावर काळसर झाक नको. खेकड्याच्या बाबतीत कुप्पममधल्या अक्कांनी सांगितलेलं मी कधी मोडत नाही: ‘आकार बघू नको अम्मा, उचलून वजन बघ.’ नुकती कात टाकलेला खेकडा दिसायला मोठा असतो आणि आत पाणी निघतं. चिखलातले मोठे काळे खेकडे पुलिकटच्या खाजणातून येतात, सुतळीनं करकचून बांधलेले. ते जिवंतच हवेत. मेलेला खेकडा फार झपाट्यानं बिघडतो, आणि भाव पाडून दिला तरी मी तो घेत नाही. घरी आणल्यावर अर्धा तास बर्फात ठेवून बधिर करते आणि मगच पुढचं. जिवाला उकळत्या पाण्यात तडफडू देणं मला मान्य नाही.

तिसऱ्या या टोपात शोभल्या असत्या, पण चेन्नईत मी त्या घालत नाही. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. इथल्या एन्नोरच्या खाडीत औष्णिक वीज केंद्रांची राख वर्षानुवर्षं जात आली आहे, आणि डिसेंबर २०२३मध्ये मिचॉंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तिथे तेलही पसरलं. कोळ्यांच्या होड्या आणि जाळी काळी झाली. ज्यांचं पोट त्या खाडीवर आहे त्यांचं नुकसान माझ्या एका जेवणापेक्षा कितीतरी मोठं. शिंपल्या कुठल्या पाण्यातल्या, हे खात्रीनं कळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

दिवसांचाही हिशेब इथे वेगळा. आपल्याकडे यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी. या किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. नारळी पौर्णिमेवर वाढलेल्या जिवाला ऐन उन्हाळ्यात समुद्र बंद असणं पचायला जड जातं. त्या दिवसांत लहान होड्या जातात, पण माल थोडा आणि भाव चढे. मी तेव्हा हा बेत करत नाही.

आता टोप. घरातल्या शेगडीचा जाळ केवढासा! पाच लिटर पाण्यात दोन किलोच्या वर माल गेला की उकळी बसते आणि परत यायला वेळ लावते. तेवढ्यात सगळं गिळगिळीत होतं. म्हणून माणसं जास्त असतील तर दोन खेपा. आधी छोटे बटाटे, सालासकट, आणि गोव्याचं चोरिस मिळालं असेल तर त्याचे तुकडे. त्यातलं व्हिनेगर थोडं असतं, बटाट्याला नडत नाही. बारा मिनिटांनी बटाट्यात सुरी सहज जाते. मग आमसुलं, मका आणि खेकडे. अर्धा किलोच्या खेकड्याला उकळी परत आल्यापासून पंधरा मिनिटं. कवच केशरी झालं म्हणून झाकण काढू नये. उष्णतेनं कवचातल्या प्रथिनाची पकड सुटते आणि आत अडकलेला केशरी रंग मोकळा होतो. ते फार लवकर घडतं, मांस तेव्हा कच्चंच असतं.

कोळंबी सगळ्यात शेवटी, पाठ कात्रीनं चिरून धागा काढलेली, कवच तसंच. ती पडली की गॅस बंद. झाकण. उरलेल्या उष्णतेवर तिला तीन मिनिटं पुरतात; बाक आला, पारदर्शकपणा गेला की झालं. लगेच किलोभर बर्फ टोपात. लुइझियानातले जाणते लोक शिजवण्याइतकंच या मुरण्याला महत्त्व देतात, आणि ते खरं आहे. उकळताना खेकड्याच्या पोकळ्यांत वाफ कोंडलेली असते. निवताना ती आक्रसते आणि खारं, तिखट पाणी आत ओढलं जातं. दहा-पंधरा मिनिटं टोपाला हात लावायचा नाही. पाहुण्यांना भूक लागलेली असते, वास घरभर असतो, तरीही नाही.

तिकडे टेबलावर वर्तमानपत्रं अंथरतात. छापील शाईवर गरम, ओलं अन्न ठेवू नये. आणि चेन्नईत केळीची पानं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. नांग्या फोडायला वरवंटा, लिंबाच्या फोडी, बास.

उरलेलं पाणी मोरीत ओतणं मला जमत नाही. जेवणं झाली की कोळंबीची उरलेली डोकी आणि कवचं खोबरेल तेलात परतायची, त्यावर गाळलेलं पाणी एक वाटी आणि साधं पाणी तीन वाट्या घालून वीस मिनिटं उकळायचं, गाळायचं. दुसऱ्या दिवशी त्यात नारळाचं दूध घालून भात करायचा. या भातात वेगळं मीठ घालायचं नाही.