धुराच्या खाली

सिॲटल,
१० फेब्रुवारी २०१९

चि. ओंकार यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, या दोन बाटल्या किती वर्षं ठेवू?" आणि मी "पत्रातच लिहिते" म्हणून विषय संपवला. जितकी जुनी तितकी चांगली, असं तू धरून चालला आहेस. आधी ते डोक्यातून काढ. डिसेंबरात इथून नेलेल्या तुझ्या बिअरच्या दोन्ही बाटल्या २०१८च्या आहेत, लेबलावर साल छापलेलं आहे. त्यातली एक याच महिन्यात उघड. ताजी असताना ती कशी लागते हे तुला ठाऊक नसेल, तर चार वर्षांनी दुसरी उघडून तुला काय कळणार? तेव्हा जे लागेल ते तुझ्या लेखी नवीनच असेल, आणि मधली सगळी वर्षं वाया.

ती बिअर येते कुठून, ते आधी सांगते. जूनो ही अलास्काची राजधानी. एका बाजूला समुद्र, पाठीशी डोंगर आणि हिमनद्या. बाहेरून तिथे जायला रस्ताच नाही, बोटीने जा नाहीतर विमानाने. अशा गावात १९८६ साली मार्सी आणि जेफ लार्सन या जोडप्याने अलास्कन ब्रूइंग कंपनी काढली. जेफ केमिकल इंजिनिअर. त्यांच्या ब्रूअरीसमोरच मासे धुरवायचा कारखाना होता. तिकडे सामन मासा आल्डर नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरवतात, तो त्या किनाऱ्याचा जुना रिवाज. कारखान्यातली माणसं इकडे बिअर प्यायला यायची, येताना धुरवलेला मासा आणायची. त्या सोबतीतून कल्पना निघाली की माशाच्या त्याच भट्टीत माल्ट ठेवून बघावं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, हे तुला माहीत आहेच. आल्डरच्या धुरात तो ठेवला, त्यातून पोर्टर नावाची काळी बिअर केली, आणि १९८८ साली अलास्कन स्मोक्ड पोर्टर पहिल्यांदा बाहेर आली. तेव्हापासून हिवाळ्याच्या तोंडावर वर्षाकाठी एकदा ती निघते. अल्कोहोल साडेसहा टक्के.

धूर बिअरमध्ये मुरवत नाहीत, तो धान्यावर बसलेला असतो. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा वास भरतात उतरतो तसा हा पुढे बिअरमध्ये उतरतो, आणि म्हणूनच तो वरवरचा राहत नाही.

यात नवीन काही नाही, असंही तुला कोणी सांगेल, आणि ते बरोबरच आहे. माल्ट वाळवायला विस्तव लागायचा, विस्तवाला लाकूड, आणि लाकूड म्हटलं की धूर आलाच. म्हणजे युरोपातली पूर्वीची बरीचशी बिअर कमीअधिक धुरकटच असणार. लोकांना ती आवडत होती असं मात्र समजू नकोस. १५७७ साली विल्यम हॅरिसन या इंग्रज पाद्र्याने आपल्या देशाचं वर्णन लिहून ठेवलं, त्यात गवताच्या आगीवर वाळवलेला माल्ट चांगला आणि लाकडावरचा धुरामुळे सवय नसलेल्याच्या डोक्याला त्रास देणारा, असा स्पष्ट भेद आहे. अठराव्या शतकात लंडनची पोर्टर ज्या तपकिरी माल्टची व्हायची, तोही लाकडावरच वाळवलेला असे. धुराचा वास निवावा म्हणून अशी बिअर महिनोन्‌महिने ठेवायची पद्धत होती. लंडनच्या बड्या ब्रूअऱ्यांत तर पोर्टर साठवायचे लाकडी पिंप दोनतीन मजली घराएवढे झाले. १८१४च्या ऑक्टोबरात टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ असलं एक पिंप फुटलं आणि त्या लोंढ्यात आठ माणसं दगावली. पुढे १८१७ साली डॅनिएल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. त्या काळ्या माल्टने पोर्टरला धुराशिवाय रंग मिळाला, आणि लाकडावरच्या माल्टची गरज संपत गेली.

धूर नीट टिकवला तो जर्मनीतल्या बाम्बेर्ग गावाने. तिथल्या श्लेंकेर्ला या घराची नोंद १४०५ची आहे. ते आजही आपला माल्ट बीचच्या लाकडावर स्वतः धुरवतात. त्यांची ओकच्या धुरावरची डोपेलबॉक आठ टक्क्यांची आहे, तीही ठेवण्याजोगी. पण ती लागर जातीची बिअर, आणि तुझ्याकडे आहे ती एल जातीची. त्यामुळे फार लांब जात नाही.

मला यातलं जे मोलाचं वाटतं ते हे. लंडनवाले बिअर ठेवत ते धूर घालवायला. लार्सन मंडळींनी धूर हौसेने घातला आणि मग बाटलीवर साल छापून लोकांना म्हणाले, ठेवा. ठेवल्यावर धूर जात नाही. तो बसतो, आणि त्याच्या खाली काय होतं ते हळूहळू वर यायला लागतं. यासाठीच ती ठेवायची. दुसरं कुठलंही कारण मला पटत नाही.

आणि ती टिकते कशी, तर धुरामुळेच. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनचे तुकडे होऊन ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉलं तयार होतात. धुरवलेला मासा लवकर खवट होत नाही त्यात या फिनॉलांचा हात असतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनला ती थोपवतात. बिअरचा मोठा वैरी ऑक्सिजनच. त्यात काळ्या माल्टमधली द्रव्यंही त्याला अडवतात. तुमच्या पुण्यात जी स्ट्राँग बिअर मिळते तिच्यात अल्कोहोल हिच्याइतकंच किंवा जास्त असतं, पण ती वर्षभर ठेवलीस तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागेल, कारण तिच्यात ना भरदार माल्ट ना धूर. नुसत्या टक्क्यांवर बिअर म्हातारी होत नसते, हे लक्षात ठेव.

आता पुण्याचं. फोनवर म्हणालास, बाटल्या माळ्यावर ठेवल्यात. आजच खाली काढ. चैत्र-वैशाखात तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि छताखालचा माळा तर घरातला सर्वांत तापलेला कोपरा. इथले ब्रूअर एक ढोबळ हिशेब सांगतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३-४ अंशांवर ३०० दिवस, या तिन्हींचा बिअरवर होणारा परिणाम साधारण सारखा. हा हिशेब साध्या, ताज्या प्यायच्या बिअरचा आहे, आपली काळी पोर्टर त्याहून चिवट. पण उष्णतेची शिक्षा तिलाही चुकत नाही. पुण्याचा एक उन्हाळा माळ्यावर काढला की ती जुनी होणार नाही, नुसती शिळी होईल. तिला हवे दहा ते तेरा अंश, अंधार आणि स्थिर जागा. तुमच्या घरात अशी जागा नाही, म्हणून फ्रीजच बरा. त्यात ती फार हळू बदलेल, बदलू दे. दाराच्या कप्प्यात ठेवू नकोस, उघडझाक आणि हिंदकळणं नको. मागच्या बाजूला उभीच ठेव. हिला वाइनसारखं बूच नसतं, आडवी ठेवून काही साधत नाही, उलट तळाचं यीस्ट बाजूला पसरतं. वहिनीला आधी सांग, नाहीतर भाजीच्या गडबडीत ती बाहेर निघेल आणि ओट्यावरच राहील.

प्यायची कशी तेही लिहिते, कारण चांगली बिअर गार करून मारून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. फ्रीजमधून काढून अर्धापाऊण तास बाहेर राहू दे, बारा-चौदा अंशांवर आली की ओत. फेसाळ धार नको, ग्लास तिरका धरून सावकाश, आणि शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच ठेव. बाटली साडेसहाशे मिलीची आहे, दादाला आणि तुला पुरे. घरात त्या संध्याकाळी उदबत्ती लावू नका. शेंगदाणे, फरसाण काही पुढ्यात नको, निदान पहिला अर्धा ग्लास.

पहिल्या घोटावर मत देऊ नकोस. पहिल्या घोटाला फक्त धूर लागतो, बाकी काही नाही. दादा हमखास म्हणेल, "काय रे ही तुझ्या आत्याची बिअर!" त्याला थांबव. नाक धुराला फार लवकर सरावतं, आणि तिसऱ्या-चौथ्या घोटाला त्याच ग्लासातून कोको, करपवलेली साखर, काळी कॉफी बाहेर यायला लागते. बाम्बेर्गचे लोक नवख्या माणसाला पहिल्या ग्लासावर बोलू देत नाहीत, ते याचसाठी.

गेल्या थँक्सगिव्हिंगला इथे मी २००८, २०१४ आणि २०१८ अशा तीन सालांच्या बाटल्या एकत्र उघडल्या होत्या. सुरुवात जुनीपासून केली, कारण ताजीचा धूर एकदा जिभेवर बसला की जुनीचं नाजूक काही कळत नाही. २००८ची काठाशी विटकरी दिसत होती, फेस आला तसा गेला. वास शेरीचा, सुक्या अंजिराचा, खाली सोया सॉससारखा खारट पदर. घोट मात्र पाण्याकडे झुकलेला. २०१४ची ओतली आणि टेबलावरचं बोलणं थांबलं. हॉप्सचा कडवटपणा उतरला होता, धूर माल्टपासून वेगळा काढता येत नव्हता, मनुका आणि टॉफी घोटाच्या मधोमध, आणि गिळल्यावर बराच वेळाने घशात पुन्हा तो आल्डरचा धूर. २०१८ची त्या दोघींपुढे धसमुसळी वाटली. कडू, धुराने भरलेली, सगळं एकदम बोलणारी. पण तिच्यावाचून २०१४चं मोल मला सांगता आलं नसतं.

दहा वर्षांच्या बाटलीचं कौतुक इथे पुष्कळ चालतं, किमतीही चढ्या लागतात. मला ते पटत नाही. अंजीर आणि शेरी हवी तर माणसाने शेरीच प्यावी. चार-पाच वर्षांची ही पोर्टर ही पोर्टरच राहते, शिवाय तिच्या अंगात जे होतं ते सगळं दाखवते. त्यापुढे ती दुसरं काहीतरी व्हायला लागते.

तेव्हा एक आत्ता उघड आणि ती कशी लागली ते त्याच रात्री वहीत लिहून ठेव, चार वर्षांनी आठवणीवर भिस्त ठेवता येणार नाही. दुसरी फ्रीजच्या मागच्या बाजूला, २०२३च्या हिवाळ्यापर्यंत. त्यापुढे एक दिवसही ठेवू नकोस.

दादा-वहिनींना सा. न. सांग. वहीतलं पान लिहून झालं की त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
आत्या