गाडी बसवणे

मराठी भाषेत 'बसणे' या क्रियापदावर जितका बोजा टाकलेला आहे, तितका दुसऱ्या कुठल्याही क्रियापदावर नसेल. घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, गणपती बसतो आणि धंदाही बसतो. यातलं काही बसलं की पेढे वाटतात आणि काही बसलं की पेढी बुडते. हा फरक परक्या माणसाला समजावून सांगणं कठीण. पण आमचा भाचा तर कोल्हापुरातच जन्मला, वाढला. तरी परवा तो मला म्हणाला, "मामा, गाडी जरा बसवायची हाय."

"कुठं बसवायची?" मी विचारलं.

"खाली, मामा. खाली!"

गाडी म्हणजे पिकअप. सेकंडहँड, रंग पांढरा, आणि पाठीमागं 'आईची कृपा' असं लिहिलेलं. ही कृपा अक्षरशः खरी होती, कारण पहिला हप्ता भरण्यासाठी ताईच्या हातातल्या दोन पाटल्या पतपेढीत जाऊन राहिल्या होत्या. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून गणपतीच्या मूर्ती पोचवायच्या, एरवी गूळ, सिमेंट, लग्नाच्या खुर्च्या, मिळेल ते वाहायचं, आणि पाटल्या सोडवून आणायच्या, असा एकंदर बेत होता. आता या बेतात गाडी जमिनीलगत आणणं कुठं बसतं, ते मला कळेना. पण भाच्याच्या मोबाईलवर तसल्या गाड्यांची चित्रं होती. रस्त्याला पोट टेकवून, घोरपडीसारख्या सरपटणाऱ्या. "दिसतीय कशी बघा की! शिवाय मूर्ती चढवायला सोपं," असं एक धार्मिक कारणही त्यानं पुढं केलं. बजेट म्हणाल तर दीड हजार.

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली खास व्यापारासाठी वसवलेली पेठ. इथल्या बहुतेक गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि प्रत्येक नंबरात निदान एक तरी असा मिस्त्री असतो, ज्याला गाडीचा आवाज ऐकून मालकाची आर्थिक स्थिती कळते. आम्ही अशाच एकाकडं गेलो. भाच्यानं मागणी सांगितली. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"तीस वर्सं झाली," ते म्हणाले, "माझ्याकडं येतोय त्यो गाडी उचलून द्या म्हणतोय. पाटं वाढवा, माल वाढवायचाय. बसवून द्या म्हणणारा तूच पयला, लेका."

पण भाचा अभ्यास करून आला होता. त्यानं मोबाईलवरचे तीन उपाय मांडले, आणि मिस्त्रींनी ते एकेक करून मोडीत काढले.

उपाय पहिला : गॅसच्या ज्योतीनं पाटे तापवून त्यांची कमान उतरवायची. मिस्त्री म्हणाले, पाट्याचं पोलाद कडक करून, मग बेतानं तापवून त्याला लवचिकपणा दिलेला असतो. लालबुंद केलं की ते पाणी उतरलं. मग तो पाटा राहत नाही, पट्टी राहते. एक दिवस भरल्या गाडीत बसते ती परत उठत नाही.

उपाय दुसरा : पाटेच काढायचे. "चार जणांनी धरलेली तिरडी दोघांनी धरायची," मिस्त्री म्हणाले. उपमा अशुभ होती, पण यांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पाटे कमी झाले की उरलेल्यांवर ताण वाढतो, एखादा तडकतो, आणि नेमका मुख्य पाटा तडकला तर चाकांचा अक्सल जागा सोडतो. त्या वेळी आपण कुठल्या घाटात आहोत, हे पाटा विचारत नाही.

उपाय तिसरा : अक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालायचा. इथं मिस्त्री चक्क हसले. "त्येंच्या गाडीला पाटा अक्सलच्या खालनं हाय. तुझा वरनं हाय. तू ठोकळा घातलास तर गाडी खाली न्हाई, वर जाईल!"

भाच्याचा चेहरा मात्र खाली आला, कसलाही खर्च न होता.

मग मिस्त्रींनी त्याला गाडीखाली नेलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते स्वतः कधी शिरत नाहीत. चासीखाली घोड्या लावल्या, चाकांना दगड लावले, आणि मग मागच्या अक्सलला जोडलेली एक काटकुळी दांडी दाखवली. ही ब्रेकची चुगलखोर. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि ब्रेकच्या वॉलला कळवते, 'वजन आलंय, मागच्या चाकांना जोर द्या.' गाडी मुद्दाम खाली बसवली तर ही दांडी रिकाम्या गाडीतही तेच खोटं सांगत राहणार. मग पावसात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होणार आणि गाडीचं शेपूट डोक्याच्या पुढं जाणार. शिवाय शॉकअपला हलायला जागा उरत नाही, पाटा रबरी ठोकळ्यावर आपटतो, दिव्यांचा झोत बिघडतो. आणि आपले स्पीडब्रेकर! पुस्तकात त्यांची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. पण ते घालणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असतंच असं नाही.

एवढ्यावर मी माझी माहिती पुढं केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असले फेरफार करू देत नाही, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तसंच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची सोय करून ठेवली. दीड हजारात बसवायची आणि पाच हजारात उठवायची, हा हिशेब बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तरी पटत नव्हता.

"पण मामा, अमेरिकेत करत्यात की!"

करतात. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हा नाद सुरू केला. त्यांचंही बजेट आमच्या भाच्याइतकंच. म्हणून ती पोरं डिकीत वाळूची पोती टाकत आणि गाडी खाली आणत. १९५८ पासून तिथल्या कायद्यानं गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली असायला बंदी केली. तेव्हा १९५९ साली रॉन अगीरे नावाच्या पठ्ठ्यानं विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप गाडीला बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. शेवटी २०२४ पासून ती बंदी सरकारनंच उठवली. पासष्ट वर्षं गाडी खालीवर होत राहिली.

मिस्त्रींनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं. त्यांना फक्त पोती आवडली. "म्हंजे माल भरला की गाडी बसती. त्येंनी वाळू भरली, आपण गूळ भरतो. तीस किलोचं रवं टाक मापात, बघ कशी बसती. वर भाडं मिळतंय."

मला वाटतं, पिकअपचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. रिकामी पिकअप मागून उंच दिसते, ती काही कुणी चुकून ठेवलेली उंची नव्हे. ती येणाऱ्या मालासाठी राखलेली जागा आहे. पंगतीत पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवावा, तशी. तो पाट आपणच अडवून बसलो, तर पाहुणा यायचा कुठं?

भाचा गप्प झाला. मिस्त्री मात्र पाटे मोजत होते. एकदा मोजले, पलीकडचे मोजले, परत मोजले. "आरं, हे एक पान जास्ती हाय की! दोन्हीकडं. कंपनीचं न्हवं हे. पयल्या मालकानं जादा माल भराय घातलंय."

म्हणजे गाडीची थोडी उंची मालासाठी होती, आणि थोडी हावेसाठी. हावेची उंची काढायला हरकत नव्हती. उलट तोही फेरफारच, आणि जादा मालाला वीस हजारांपासून दंड. भाचा घुटमळला. जादा पान म्हणजे खेपेला जादा चार पोती, म्हणजे पाटल्या थोड्या लवकर. ताईला फोन लावला. ती म्हणाली, "पाटल्या कुठं पळून चालल्यात? काढ ते पान."

दोन्ही पानं निघाली. जुने यू क्लॅम्प परत न वापरता नवे घातले, दोन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा आवळून घ्यायला सांगितलं, ब्रेकची दांडी कंपनीच्या मापाला लावली. दीड हजारात बसलं. गाडी दीड बोट खाली आली. हे दीड बोट फक्त दोघांना दिसतं, भाच्याला आणि पैसे मिळालेल्या मिस्त्रींना.

यंदा कुंभार गल्लीतून मंडळाची मोठी मूर्ती याच गाडीतून निघाली. चौघांनी फळीवरून अलगद चढवली. गणपती गाडीत बसला, आणि त्याच्याखाली गाडी बसली. भाच्यानं लगेच मोबाईलवर फोटो काढला. गाडी अगदी त्याला हवी होती तितकी खाली आली होती.