दारावरची फट

सुमारे 55 लाख लोकवस्तीच्या फिनलंड देशात सुमारे 30 लाख सौना आहेत. त्यांत आणखी एकाची भर पडत असताना, सरोवराकाठी बर्चच्या आडोशाला एक वृद्ध स्नेही बांधीत असलेल्या त्या ओंडक्यांच्या स्नानगृहाभोवती मी एका उन्हाळ्यात कित्येक दिवस घुटमळत होतो. आतली खोली अवघी दोन मीटर लांब नि तितकीच रुंद. पण तिच्यासाठी त्यांनी केलेली तजवीज गाभाऱ्याला शोभेल अशी होती. पाइनच्या गाठींतून तापल्यावर राळ पाझरते नि अंगाला चटका बसतो, म्हणून बाकांसाठी त्यांनी फिकट, बिनगाठीचे अ‍ॅस्पेन आणले, आणि उघड्या अंगाला लोखंड लागू नये म्हणून प्रत्येक फळी खालून आवळली. वरचे बाक इतक्या उंचीवर मुक्रर केले, की बसणाऱ्याची पावलेही भट्टीवरच्या दगडांच्या खाली राहू नयेत.

हा सारा बंदोबस्त तापल्या दगडांवर ओतलेल्या पळीभर पाण्यासाठी. त्यातून उसळणाऱ्या वाफेला तिकडे 'लॉयलू' म्हणतात. पूर्वी ह्याच शब्दाचा अर्थ प्राण असा होता, आणि हंगेरियन भाषेतला त्याचा सगोत्र 'लेलेक' आजही आत्मा ह्याच अर्थाने नांदतो. मला हे यथार्थ वाटले, कारण जुन्या काळी ह्याच उबदार खोलीत बायका बाळंत होत आणि मृतांना अखेरची आंघोळही येथेच घालीत. आमच्या घरच्या बाळंतिणीच्या काळोख्या खोलीतली शेगडी, निखाऱ्यांवर तडतडणारा ओवा, हे सारे त्या परक्या लाकडाच्या वासातून माझ्यापुढे उभे राहिले.

दाराच्या चौकटीवर मात्र दोन बोटांहून रुंद फट होती. मापात चूक झाली असावी, असे मी संकोचाने सुचवले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून त्या फटीत घातला. ओंडके वाळता वाळता भिंत दर मीटरामागे दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते. जागा ठेवली नाही, तर तिचा सारा भार दारावर येऊन दार अडकते. आणि सौनाचे दार अडकून चालत नाही. ते बाहेर उघडते, त्याला कडी नसते, उष्म्याने घेरी आलेल्याने नुसते ढकलावे नि बाहेर पडावे.

मग त्यांनी फटीत अळशीचे तंतू सैलसर भरले, वर फळी लावली, आणि ती फक्त वरच्या ओंडक्याला ठोकली; भिंत बसू लागेल तशी तीही तिच्याबरोबर खाली सरकणार होती.