मुका एच

आमची धाकटी परवा इंग्रजीची वही घेऊन बसली होती. एका शब्दावर अडली. ए-जी-एच-ए-एस-टी. आम्ही पडलो रात्रशाळेत शिकलेले. ठोकून दिले, "ऑगस्ट असेल, छापताना चुकले." ती हसली. म्हणाली, "बाबा, अगास्ट. त्यातला एच मुका आहे."

कोश काढला. अर्थ दिला होता 'भयचकित'. एवढ्याने भागेना. लॉटरी लागली तरी माणूस चकित होतो, पण तो अगास्ट नव्हे. काही भयंकर, माणुसकीला काळिमा फासणारे पाहून किंवा ऐकून माणूस जागीच थिजतो, तोंडातून शब्द फुटत नाही, ती ही अवस्था. वाक्यात म्हणायचे 'वी वेअर अगास्ट'. कशाने, ते सांगायला पुढे 'अ‍ॅट' लावायचा. 'अगास्ट माणूस' असे नामाआधी सहसा म्हणत नाहीत.

गंमत त्या मुक्या एचची. पूर्वी हा शब्द एचशिवाय लिहीत. घोस्ट म्हणजे भूत. त्या शब्दाच्या वळणाने एच यात शिरला. आमच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि भूतखेत, अंगारेधुपारे सगळे घराबाहेर काढले. ते भूत आता पोरीच्या वहीतून आत आले म्हणायचे!

शब्दाचे वाक्य करायचे होते. तिने विचारले, "तुम्ही कधी झालात अगास्ट?"

आम्ही गप्प. तिची आईच म्हणाली, "खैरलांजी."

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारले. आई, मुलगी आणि दोन मुलगे. मोठ्या वर्तमानपत्रांत बातमी यायलाही कितीतरी दिवस गेले. आम्हाला कळले त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. शेजारचे येऊन बसले, तेही बोलेनात. भीती म्हणावी तर ती नव्हती, राग तर अजून आलाच नव्हता.

मुलीने लिहून घेतले. "मग पुढे?"

"पुढे काय, मोर्चा निघाला," तिची आई म्हणाली. "तुझ्या दादाला कडेवर घेऊन गेले मी. घोषणा देऊन घसा बसला होता."

मुलगी पेन चावत बसली. "पण मॅडमनी एकच वाक्य सांगितलंय."

आम्ही म्हटले, "दोन्ही लिही."