आडोसा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने कुंपण घालून पाहिले नसावे. घर बांधताना शेजारी सल्ला द्यायला येतो आणि लग्नात तो पंक्तीत वाढायला उभा राहतो. कुंपण ही एकच गोष्ट अशी आहे, की जी शेजाऱ्याच्या देखत, परंतु त्याच्याविरुद्ध करावयाची असते. दोन वर्षांपूर्वी मी ती केली. तिची हकीकत सांगताना मला फारशी धन्यता वाटत नाही, हे आरंभीच कबूल करतो.

सांगलीच्या विश्रामबागेत आमचे घर आहे. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणांमध्ये बावीस वर्षे कोयनेलचे कुंपण होते. कमरेइतके उंच, पावसाळ्यात दर पंधरवड्याला कात्री मागणारे आणि कात्री न मिळाल्यास खुशाल वाटेल तसे वाढणारे. त्यावरून विरजणाच्या वाट्या आणि कढीलिंबाच्या डहाळ्या इकडून तिकडे जात. एका कोपऱ्यात तर येण्याजाण्याने दोन रोपे मरूनच गेली होती आणि तिथे आपोआप एक वाट पडली होती. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आमच्या गल्लीत पाणी शिरले नाही, पण नळाचे पाणी आणि वीज दोन्ही गेली. तेव्हा काकूंच्या आडाचे पाणी आम्ही याच वाटेने कळशीकळशीने आणले. आडाला दोर लागतो, वीज लागत नाही, असे काकू त्या वेळी मोठ्या अभिमानाने म्हणाल्या होत्या.

असे असता मला नवे कुंपण का हवेसे वाटले? त्याचे कारण माझी आई. तिचे वय चौऱ्याऐंशी. गेल्या चार वर्षांत तिची स्मृती एकेक खोली बंद करीत गेली. प्रथम नावे गेली, मग नाती, मग दिवस आणि रात्र यांतला भेद. बालपण तेवढे शाबूत राहिले. ती अंगणात एकटीच कोकणातल्या माहेरच्या माणसांशी बोले, कधी ओव्या म्हणे, कधी अर्धवट सुटलेले लुगडे तसेच ओढीत तुळशीभोवती फिरे. काकू आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत आणि त्या कोपऱ्यातल्या वाटेने येऊन, “माई, चला बघू आत,” असे म्हणत तिचे लुगडे नीट नेसवीत. याबद्दल मला कृतज्ञता वाटावयास हवी होती. मला वाटली ती लाज. एके दिवशी काकूंकडे आलेल्या पाहुण्यांत माझ्या महाविद्यालयातले एक सहकारी होते. कोयनेलपलीकडे उभे राहून त्यांनी आईला त्या स्थितीत पाहिले आणि सभ्यपणे मान फिरविली. ती फिरविलेली मान मला रात्रभर दिसत राहिली. दुसऱ्याच दिवशी मी कुंपणाच्या चौकशीला लागलो.

विटांची भिंत घालण्यात खर्च आणि धूळ फार, आणि पत्रे ठोकले तर घराला गोदामाची कळा येते. तेव्हा पीव्हीसीच्या पांढऱ्या फळ्यांचे सहा फुटी कुंपण घालावे, असे ठरले. पुस्तकी माणसाला कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी तिचे चरित्र वाचण्याची खोड असते. मीही वाचले. हा पदार्थ 1872 साली ओयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळला. काचपात्रात ठेवलेल्या वायूवर ऊन पडत राहिले आणि आत पांढरा घन पदार्थ जमला. मौज अशी, की जे ऊन त्याचे जन्मदाते तेच पुढे त्याचे वैरी होते. उन्हाने फळ्या पिवळ्या आणि ठिसूळ पडू नयेत म्हणून त्यांत टायटॅनियमचे पांढरे भस्म मिसळावे लागते. आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलो. या पदार्थाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरातला सुमारे सत्तावन्न भाग, क्लोरीन असतो, आणि तो क्लोरीन येतो साध्या मिठापासून. ज्या शेजारणीचे मीठ मी बावीस वर्षे खाल्ले, तिच्या आणि माझ्यामध्ये मी आता मिठाचीच भिंत उभी करणार होतो! पण हा विनोद सुचला त्या वेळी मला हसू आले नाही.

मनाला टोचणी लागली, की शिकलेला माणूस कायद्याचा आधार शोधतो. 1882 च्या सुविधाधिकारांच्या कायद्यातच एक उदाहरण दिलेले आहे, की एखाद्या गावी तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खासगीपणावर मोठे आक्रमण होईल अशी नवी खिडकी कोणाला पाडता येत नाही. आणि 2017 च्या ऑगस्टात तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. एवढे भक्कम पाठबळ असताना एका प्राध्यापकाने आपल्या अंगणात आडोसा केला तर काय बिघडले? मी माझ्यापुरता निकाल माझ्याच बाजूने दिला. त्या दोन्ही ठिकाणी राखावयाचा खासगीपणा कोणाचा, एवढा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. आईने तो मागितला नव्हता.

काकूंना सांगण्याची वेळ आली तेव्हा मी खोटे बोललो. म्हणालो, “काकू, कोयनेलमध्ये साप फार झालेत. आईच्या पायात एखादा यायचा. म्हणून काढून टाकतोय.” काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “बरं करताय, सर. सापाची भीती खरीच,” एवढेच त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत त्या कुंपणात साप निघाल्याचे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

मिस्त्री मोठा जाणता होता. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नुसत्या मातीत खांब पुरले तर दोन वर्षांत ते दारुड्यासारखे झुकतात, असे तो म्हणाला. त्याने मुरूम लागेपर्यंत खड्डे खणले, पोकळ खांब ओळंब्याने सरळ केले आणि भोवती काँक्रीट ओतले. ते वाळल्यावर खांबांच्या खाचांतून सहा सहा इंची आडव्या फळ्या वरून एकेक सोडल्या. एकीवर एक अशा बारा, आणि वर एक टोपीसारखी पट्टी. फळ्या खाचेत त्याने घट्ट बसविल्या नाहीत. मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, “सर, उन्हात ही वाढते. जागा नाही ठेवली तर फुगून बाहेर येईल.” फळीला हलावयास थोडी जागा ठेवावी लागते हे त्या माणसाला कळत होते. मी मात्र त्याच वेळी दोन घरांमधली सारी जागा बुजवीत होतो.

हे काम चालू असता आई ओसरीवर बसून पाहत होती. कोकणात दर वर्षी पावसाळा संपला की आवारासभोवती काटेरी वई घालीत. त्या वईत बेडे असे. त्याचे आडवे वासे सरकविले की माणूस आत येई आणि ते परत लावले की गुरे बाहेर राहत. आईने बराच वेळ न्याहाळून मला विचारले, “वई चांगली झाली हो. पण बेडं कुठे ठेवलंस?” मी म्हणालो, “बेडं नाही, आई.” ती म्हणाली, “मग माणसं कुठून यायची?” स्मृती गेलेल्या माणसाचे बोलणे म्हणून मी ते हसण्यावारी नेले.

पुढे तीन महिने मला खरोखरच स्वस्थता लाभली. अंगण पांढरेशुभ्र दिसे, आई काय करते हे कोणाला दिसत नसे आणि ते कोणाला दिसत नाही म्हणून मीही फारसे पाहीनासा झालो. काकूंच्या वाट्या आता रस्त्यावरून वळसा घेऊन पुढच्या दाराशी येऊ लागल्या. मग त्या केवळ सणासुदीला येऊ लागल्या.

श्रावणातली एक दुपार. पत्नी बाजारात गेली होती आणि आईला सांभाळणारी बाई आपले काम आटोपून बाराला घरी गेली होती. मी खोलीत उत्तरपत्रिका तपासीत होतो. चहाची वेळ झाली म्हणून बाहेर आलो तो आई तुळशीवृंदावनाशी आडवी पडलेली. मनगट अंगाखाली सापडून मोडले होते. पावसाची भुरभूर चालू होती आणि तिचे लुगडे पूर्ण भिजले होते. ती किती वेळ तशी पडून होती, हे मला अजून ठाऊक नाही. भिजलेल्या वस्त्रावरून वैद्यांनी अंदाज केला तो सांगावयास माझी लेखणी धजत नाही.

संध्याकाळी काकू भेटावयास आल्या. आईच्या उशाशी बराच वेळ बसल्या. जाताना दाराशी थांबून हळूच म्हणाल्या, “सर, मी फुलं काढत होते पलीकडे. माईंचा आवाज आला होता मला. ओव्या म्हणतायत असं वाटलं. एकदा वाटलं, हाक मारावी. पण तुम्ही आडोसा केलाय, तेव्हा आपण होऊन डोकावणं बरं दिसेना.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

परगावी जाताना आपण शेजाऱ्याला काय सांगतो? “घराकडे जरा लक्ष असू द्या.” हे लक्ष आपण गावाला जाताना मागतो आणि परत आलो की त्याचाच आपल्याला जाच होतो. पण शेजाऱ्याची दृष्टी काही तारीखवार उघडता मिटता येत नाही. जी आपली फजिती पाहते तीच आपले पडणेही पाहते. मी लाजेपायी पहिली टाळली आणि दुसऱ्या वेळी ती दृष्टी तिथे नव्हती.

त्या रात्री मी काकूंकडे गेलो आणि सापाची गोष्ट खोटी होती, असे सांगितले. त्या म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळलं होतं. पण सर, लाज वाटणं काही पाप नव्हे. माझ्या सासूबाईंच्या वेळी मीही खिडक्या लावून घेत असे.” बावीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती.

कुंपण मी मुळापासून काढले नाही. न्हाणीघराच्या बाजूला ते पूर्ण उंचीचे ठेवले आहे, कारण आडोसा आईलाही हवाच असतो. तो कुठे हवा हे तिच्याकडे पाहून ठरवावयास हवे होते, माझ्याकडे पाहून नव्हे. तुळशीसमोर, जिथून काकूंची खिडकी दिसते, तेथल्या वरच्या पट्ट्या उचलून चार चार फळ्या मी स्वतः खाचांतून बाहेर काढल्या. तेथे कुंपण आता छातीइतके आहे. आणि कोपऱ्यात, जिथे पूर्वी वाट होती, तेथल्या दोन खांबांमधल्या बाराही फळ्या काढून टाकल्या.

हात गळ्यात बांधून आई ओसरीवर बसली होती. आपण पडलो होतो हे ती विसरली होती. शेवटची फळी मी भिंतीला टेकवून ठेवली तेव्हा तिने विचारले, “बेडं काढलंस होय रे?”

“हो, आई,” मी म्हणालो.

“कोण येतंय?”

मी मागे वळून पाहिले. हातात झाकलेली वाटी घेऊन काकू त्या वाटेने येत होत्या.